ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजची ऑनलाइन सर्च : वणीकडच्या खेड्यातून वापरून पाहिली, त्याबद्दल

खाणीत गाव गेलेल्या माणसांनी ही वेबसाइट एकदा तरी उघडावी म्हणून लिहितोय. नॅशनल आर्काइव्हज ऑफ ऑस्ट्रेलिया, म्हणजे त्यांचं सरकारी दप्तर, आणि त्यातली सर्च म्हणजे रेकॉर्डसर्च. पैसे लागत नाहीत, पाहुणा म्हणून आत जायचं, इंग्रजीत शब्द टाकायचा, जे स्कॅन झालंय ते सरळ स्क्रीनवर दिसतं. स्कॅन न झालेल्याची कॉपी मागवायची असेल तर मात्र पैसे पडतात. आमच्या नव्या वसाहतीत रेंज रात्री उशिरा जरा बरी असते, तेव्हाच मोठे फोटो उघडतात, यात त्यांचा काही दोष नाही.

आमच्या वाचनालयातले पोट्टे जुन्या गावाचे फोटो घरोघरून गोळा करताहेत, त्यांना दाखवायचं होतं की एखादं सरकार वसवलेल्या माणसांचे फोटो कसे जपून ठेवतं. म्हणून मी दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधून तिकडं गेलेली कुटुंबं शोधली. ब्रिटनमध्ये घरं बॉम्बनं पडलेली, रेशन तर १९५४ पर्यंत चाललं, आणि इकडं ऑस्ट्रेलियाला माणसं पाहिजे होती. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात इमिग्रेशनचं, म्हणजे बाहेरून येऊन वसणाऱ्यांचं, वेगळं खातंच निघालं, आर्थर कॅलवेल पहिले मंत्री. १९४७ पासून मोठ्या माणसाला फक्त १० पौंडात बोटीचं तिकीट, म्हणून त्यांना टेन पाउंड पॉम म्हणायचे (पॉम म्हणजे तिकडं इंग्रजांना चिडवायचं नाव). अट एवढीच की दोन वर्षं राहायचं, आधी परतला तर सरकारनं भरलेलं भाडं परत करा. १९७२ पर्यंत दहा लाखांवर माणसं अशी गेली. आपल्यासारख्यांना अर्थात ते दार बंदच होतं, गोऱ्यांचंच धोरण होतं ते, १९७३ मध्ये व्हिटलम सरकारनं ते पूर्ण मोडीत काढलं.

फोटो भरपूर आहेत आणि क्लिअर आहेत. बोटीच्या कठड्याशी उभी कुटुंबं, नव्यानं आलेल्यांना ठेवायच्या होस्टेलचे जेवणाचे हॉल, निसेन हट. ही हट म्हणजे पत्र्याचं मोठं पिंप उभं चिरून अर्धं जमिनीवर पालथं घातल्यासारखी, आत पार्टिशन टाकून एकेका कुटुंबाला एक-दोन खोल्या, संडास-न्हाणी बाहेर सगळ्यांची एकच. माझ्या आत्यानं, जिनं स्वतः पुनर्वसनाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढलेत, तो फोटो मोबाईलवर बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "याच्यात चूल कुठी हाये?" नव्हतीच. खोलीत रांधायला मनाई होती, सगळ्यांनी कँटीनमध्ये जेवायचं, तेही पुन्हा पुन्हा मटण. "मंग रात्री पोराले भूक लागली त मायनं काय करावं?" याचं उत्तर असं की कितीतरी बायका लपूनछपून खोलीत छोट्या विजेच्या शेगडीवर काहीतरी शिजवायच्या. होस्टेलचे दर वाढले तेव्हा १९५२ च्या सुमारास ब्रिटिश कुटुंबांनी वाढीव पैसे द्यायला चक्क नकार दिला होता, म्हणजे गप्प बसणारी माणसं नव्हती ती.

आता मुद्द्याचं. हे फोटो बहुतेक इमिग्रेशन खात्यानंच काढवून घेतलेले, आणखी लोक यावेत म्हणून. त्यामुळं सगळे हसताहेत, कपडे इस्त्रीचे, पोरं गुटगुटीत. नुसते फोटो पाहून कुणी म्हणेल वा काय मजेत वसले लोक, तर तसं नाही, अंदाजे चौथा हिस्सा माणसं परत गेली, आणि त्यातलीही बरीच पुन्हा ऑस्ट्रेलियात आली कारण इंग्लंडात आता मन लागेना. म्हणून फोटोवर थांबू नका, त्याच सर्चमध्ये खात्याच्या फायली आहेत, स्कॅन झालेल्या असतील त्या वाचा, हॉस्टेलांच्या कारभाराच्या, माणसं निवडतानाच्या कागदांच्या. मला स्वतःला फोटोंपेक्षा फायलींची किंमत जास्त वाटते. कागद रुक्ष असला तरी तो हसून दाखवत नाही.

एक उदाहरण शोधाच. बार्बरा पोरिट, यॉर्कशरची तरुण, नवीन लग्न झालेली बाई, १९५५ च्या नोव्हेंबरात ओरोन्से बोटीनं मेलबर्नला उतरली. युद्धानंतरची दहा लाखावी स्थलांतरित म्हणून तिचं केवढं स्वागत झालं, फोटोच फोटो. नवरा-बायको राहायला गेले व्हिक्टोरियातल्या यॅलर्नला, तिथं नवऱ्याला वीजमंडळात काम. आणि हे यॅलर्न म्हणजे वीजमंडळानंच वसवलेलं झाडाझुडपांचं देखणं गाव, त्याच्याच पोटात लिग्नाइट कोळसा निघाला. १९६९ ला गाव उठवणार हे जाहीर झालं आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घरं, शाळा, सगळं हटवून तिथं खाण झाली. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली बापा. आमच्या पोट्ट्यांना सांगितलं तर एकदम गप्प झाले, मग एकानं विचारलं, त्यांचे फोटो आहेत ना पण?

आहेत, आणि गडचांदूर असो की वणी, कुठूनही पाहता येतात, हीच या सेवेची सगळ्यात मोठी गोष्ट. मराठीतून काही नाही, इंग्रजी कच्चं असेल तर कॉलेजातलं कुणीतरी सोबत बसवा. मोबाईलपेक्षा लॅपटॉपवर सोपं जातं. सुरुवातीला निसेन हट, मायग्रंट होस्टेल किंवा बोटीचं नाव असे नेमके शब्द इंग्रजीत टाका, नुसतं मायग्रंट टाकलं तर इतकं काही निघतं की माणूस दमून बंद करतो.