हृदयाभोवती पाणी: नळी ठेवायची की विंडो करायची?

फुफ्फुसाचा कॅन्सर ‘हृदयापर्यंत गेला’ म्हटलं की घरच्यांचं अवसान गळतं. बहुतेकदा तो हृदयाभोवतीच्या पिशवीत पोचलेला असतो आणि तिथे पाणी साचतं. एरवीही त्या पिशवीत १५ ते ५० मिली पाणी असतंच. भराभर वाढलं तर २०० मिलीसुद्धा हृदय दाबून टाकतं, सावकाश वाढलं तर लिटरभरही मावतं. म्हणून टू-डी इकोतल्या आकड्याइतकंच पेशंटकडेही बघा. उशांना टेकून रात्र बसून काढतोय, बीपी उतरतंय? मग सेकंड ओपिनियनसाठी फाइल घेऊन पुणंभर फिरू नका. आधी पाणी काढून घ्या.

ते काढायला पिगटेल, म्हणजे टोकाला वळलेली बारीक नळी सोयीची. इकोवर बघत, तेवढीच जागा बधिर करून घालतात. पेशंट जागा असतो आणि धाप बऱ्याचदा तिथल्या तिथे कमी होते. बॅगेत लालसर पाणी दिसलं की नातेवाईक घाबरतात, पण कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा तसंच येतं. नळी काही दिवस राहते. २४ तासांचं माप साधारण २५-५० मिलीच्या खाली उतरलं की काढतात. नुसतं सुईने उपसलं तर पाणी पुन्हा भरायची भीती जास्त, तेव्हा ‘आजच घरी सोडा’ हा हट्ट नको.

विंडो म्हणजे ऑपरेशन: पिशवीचा तुकडा कापून पाण्याला वाट करून देतात. पाणी परत साचण्याचं प्रमाण कमी, तपासायला तुकडाही मिळतो. पण खर्च जास्त, आणि हृदय दाबलेलं असताना पूर्ण भूल दिली तर बीपी एकदम कोसळू शकतं. त्यामुळे विंडो ठरली तरी आधी थोडं पाणी काढावं लागतं, असं बरेचदा होतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला नळी. पाणी पुन्हा भरलं, पेशंट हिंडता-फिरता आहे आणि पुढे औषधोपचार बाकी आहेत, तर विंडो. काढलेलं पाणी मात्र सेल ब्लॉकसाठी, म्हणजे त्यातल्या पेशी गोळा करून तपासायला, पाठवायला सांगा. त्यातून ईजीएफआर, एएलके या कॅन्सरच्या जनुकांमधले बदल तपासता येतात. त्यातलं काही पॉझिटिव्ह आलं तर गोळ्यांनीच पाणी आटोक्यात येऊ शकतं, मग विंडोची घाई कशाला?

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दोन्हींतलं काहीच नको, असंही घरचे ठरवू शकतात. धाप मॉर्फिनने बरीच सुसह्य होते. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी शुश्रूषा) सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत.