विली की रेमर? काही महिने वापरून झाल्यावर

दगडातल्या ध्वनिलहरीच्या वेगावरून त्याची सच्छिद्रता (छिद्रांचा वाटा) काढणारं विलीचं समीकरण फुकट आहे, एक्सेलच्या एका सेलमध्ये बसतं आणि सोनिक लॉग, म्हणजे विहिरीत खोलीनुसार मोजलेला लहरींचा वेग, हाती घेणारा बहुतेक जण आधी तेच शिकतो. ते १९५६ पासून चालत आलंय. लहरीला दगडातून जायला लागणारा वेळ म्हणजे खनिजातला वेळ अधिक छिद्रांतल्या पाण्यातला वेळ, एवढंच त्याचं म्हणणं. घट्ट, स्वच्छ (चिकणमाती नसलेल्या), पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात ते खरंच चालतं. तीनपैकी एक अट निसटली की भरवसा संपला.

क्वार्ट्झला ५५०० आणि पाण्याला १५०० मीटर प्रति सेकंद धरा. २०% सच्छिद्रतेला विली सुमारे ३५९० सांगतो, तर त्याच कामाचं १९८० चं रेमर-हंट-गार्डनर समीकरण ३८२०. फरक किरकोळ वाटतो ना? आता उलटं करा. लॉगवर ३८२० दिसलं तर विली सच्छिद्रता १६.५% काढतो. तेल-वायूच्या साठ्याच्या हिशेबात हे साडेतीन टक्के कोणीही सोडणार नाही. घट्ट वालुकाश्मात मी आता रेमरच लावतो, तेही सच्छिद्रता ३७ टक्क्यांच्या आत असेल तरच.

पाण्याच्या जागी हवा घातली की विली १३६० वर उतरतो, म्हणजे दगडाचा वेग पाण्यापेक्षाही कमी! छिद्रांतला द्रव किंवा वायू बदलायचा असेल तर मुकाट्याने त्यासाठीच असलेल्या १९५१ च्या गासमानच्या समीकरणाकडे जावं.

चिकणमातीचा त्रास जास्त छुपा. हान यांच्या १९८६ च्या मोजमापांत, ४० मेगापास्कल दाबाखाली, १०% चिकणमाती वाढली की पी-लहरीचा (दाबलहरीचा) वेग सुमारे २२० मीटर प्रति सेकंदाने घटतो. सच्छिद्रता तीन टक्क्यांनी वाढल्यावर घटेल, जवळपास तेवढाच. विली ती माती छिद्रं म्हणून मोजतो. चिकणमाती ओळखणारा गॅमा लॉग (दगडाच्या नैसर्गिक किरणोत्साराची नोंद) शेजारी न ठेवता हे समीकरण चालवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आपल्याकडचे लोक विचारतात, दख्खनच्या बेसाल्टला चालेल का? माझ्या मते नाही. तिथे छिद्राचा आकार सगळा खेळ ठरवतो. वायूच्या गोल पोकळ्या दाब पेलतात, वेग फारसा पाडत नाहीत. केसाएवढ्या चपट्या भेगा सच्छिद्रतेत जेमतेम भर घालतात आणि वेग मात्र खाली ओढतात. विलीच्या समीकरणात आकाराला जागाच नाही. त्यासाठी १९७४ चं कुस्टर-टॉक्सॉझ प्रारूप आहे. त्यात पोकळीच्या जाडी-रुंदीचं गुणोत्तर द्यावं लागतं, आणि ते गाभ्याचे (विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नमुन्याचे) पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निव्वळ अंदाजाने भरलं, तर हवं ते उत्तर काढता येतं.