जुना ट्रॅक्टर एक्स्चेंजला द्यावा की परस्पर विकावा

नवा ट्रॅक्टर घ्यायचे मनावर घेतले की शोरूममधला माणूस कोटेशन छापण्याआधीच जुन्याचे काय करणार असे विचारतो, आणि गावात परत आल्यावर पारावरचे निम्मे लोक शोरूमला दिलात तर चाळीस-पन्नास हजारांना बुडाल असे बजावतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच निर्णय अडून राहतो. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. पहिला ट्रॅक्टर २०१४ मध्ये परस्पर विकला आणि दुसरा २०२४ च्या दसऱ्याला एक्स्चेंजला दिला. माझा अनुभव माळशिरस-फलटण भागातला, म्हणजे ऊसपट्ट्यातला, आणि बेचाळीस ते पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा आहे. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या वाचकाने त्यात आपल्याकडची बेरीज-वजाबाकी करून घ्यावी.

पैशाचे आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच असतो. २०१४ मध्ये शोरूम मला १ लाख ७० हजार देत होती आणि परस्पर २ लाख १० हजार मिळाले. २०२४ मध्ये एक्स्चेंजला २ लाख ९० हजार ठरले, तर बाहेरून आलेली सर्वांत चांगली मागणी ३ लाख ३५ हजारांची होती. म्हणजे फरक चाळीस-पंचेचाळीस हजारांचा, आणि तो खरा आहे. हा फरक का पडतो हे मला दुसऱ्या खेपेला कळले. किंमत करायला आलेल्या मुलाने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, तास दाखवणाऱ्या मीटरचा आणि चारी टायरांचा फोटो काढला, आणि मग आकडा न सांगता बांधाकडे जाऊन दोन फोन केले. फोन जुन्या ट्रॅक्टरांच्या दलालांना होते. शोरूमला जुना ट्रॅक्टर नको असतो. तो ज्या दलालाकडे जाणार असतो त्याने सांगितलेल्या आकड्यातून आपली बाजू राखून उरलेला आकडा ते आपल्यासमोर ठेवतात. एक्स्चेंज म्हणजे दलालालाच विकणे, फक्त मध्ये काचेचे दार आणि चहा.

त्यातही एक गोम आहे. एक्स्चेंजचा आकडा आणि नव्यावरची सूट हे दोन्ही एकाच वहीत लिहिले जातात, आणि एका रकान्यातले दहा हजार दुसऱ्या रकान्यात सरकवणे ही विक्रेत्याच्या हातची गोष्ट असते. म्हणून पहिल्या भेटीत जुन्याचा विषयच काढू नये. जुना देणार नाही असे समजून नव्याची शेवटची किंमत कागदावर लिहून घ्यावी, आणि दुसऱ्या भेटीत जुना पुढे करावा. मी असे केले तेव्हा 'एक्स्चेंज बोनस' म्हणून दाखवलेल्या २० हजारांपैकी १२ हजार हे मला आधीच कबूल केलेल्या सवलतीतून वळवलेले निघाले.

परस्पर विक्रीला भाव जास्त मिळतो, पण तो वसूल करताना महिना-दीड महिना जातो. माझ्याकडे पाहायला अकरा जण आले, त्यांतले सात निव्वळ पाहायलाच आले होते. एक गृहस्थ मात्र लक्षात राहिले. सकाळी साडेसहाला न कळवता आले, रामराम करण्याआधी बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवला, आणि ते गार आहे अशी खात्री झाल्यावरच बोलायला लागले. कारण आधी चालवून गरम केलेले इंजिन कसेही चालू होते, खरी परीक्षा थंड इंजिनाची. मग ट्रॅक्टर चालू ठेवून त्यांनी ऑइल भरायचे झाकण काढले, किती धूर फेकतो ते पाहिले, लिफ्टला नांगर लावून तो वर धरला आणि इंजिन बंद करून, तो किती वेळात खाली बसतो हे पाहत विडी ओढली. असा पारखी गिऱ्हाईक भेटला तर चांगल्या यंत्राचे चीज होते. शोरूमच्या मुलाला लिफ्टचे काही पडलेले नव्हते. मी दोनच वर्षांपूर्वी मागचे दोन्ही टायर नवे टाकले होते, त्याचेही शोरूमने काही धरले नाही. परस्पर घेणाऱ्याने त्याचे निदान पंधरा हजार मनात धरले असते. तेव्हा ज्याचा ट्रॅक्टर एका हातचा आहे, इंजिन खोललेले नाही आणि उसाच्या वाहतुकीला दोन ट्रॉल्या ओढलेल्या नाहीत, त्याला एक्स्चेंजमध्ये अन्याय झाल्यासारखे वाटणार, आणि तसे वाटणे चुकीचे नाही.

कर्जाचा बोजा दोन्हीकडे सारखाच आडवा येतो. बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, आणि कर्ज जमिनीच्या तारणावर असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतली नोंदही तलाठ्याकडून कमी करून घ्यावी लागते, हे लोक विसरतात. अनुदानातून घेतलेला ट्रॅक्टर असेल तर आपण दिलेल्या हमीपत्रात अमुक काळ विकणार नाही असे लिहिले आहे का, ते आधी वाचावे. परस्पर विक्रीत आणखी एक अडचण रोखीची. गिऱ्हाईक पिशवीत नोटा घेऊन येतो आणि २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही. स्वीकारली तर दंड घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला. बँकेतून पाठवा म्हटले की निम्मे गिऱ्हाईक तिथेच थंडावतात.

पण हे सगळे सोसण्याजोगे आहे. माझे मन ज्या एका गोष्टीने फिरले ती वेगळीच.

२०१४ चा ट्रॅक्टर मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला दिला. माणूस बरा वाटला, आणि होताही. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केली, नाव बदलण्यासाठी लागणाऱ्या नमुना २९ आणि ३० वर सह्या करून ते त्याच्या हाती दिले, आणि नाव लवकर चढवून घ्या असे दोनदा सांगितले. पुढच्या महिन्यात करतो, म्हणाला. ऊस गेला की करतो, म्हणाला. नंतर फोन लागेनासा झाला आणि मीही विसरलो. चार वर्षांनी, २०१८ च्या उन्हाळ्यात, मी कधी पायही न ठेवलेल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयाची नोटीस घरी आली: आपल्या मालकीचा ट्रॅक्टर विनापरवाना वाळू वाहताना पकडला आहे, आपल्याविरुद्ध दंडात्मक कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. वाळूच्या प्रकरणात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागतो आणि वाहन अटकावून ठेवले जाते ते निराळेच. माझ्याकडून घेणाऱ्याने ट्रॅक्टर वर्षभरात दुसऱ्याला दिला होता, दुसऱ्याने तिसऱ्याला. सह्या केलेले माझे कोरे नमुने किल्लीबरोबर हातोहात फिरत होते आणि दफ्तरी मालक मीच होतो.

चार महिने हेलपाटे घातले. नोटरीची प्रत दाखवली, जबाब दिला, वकील लावला. शेवटी तिसरा मालक स्वतः हजर झाला, त्याने दंड भरला आणि माझी सुटका झाली. पण तो हजर झाला ही त्याची मेहेरबानी होती, माझी हुशारी नव्हे. गाडीभाडे, वकील आणि बुडालेले दिवस धरले तर अठरा हजार गेले. म्हणजे परस्पर विकून जे चाळीस हजार जास्त मिळवले होते त्यांतले जवळपास निम्मे. त्या चार महिन्यांत फोन वाजला की आई देव्हाऱ्याकडे पाहायची, त्याचा हिशोब कुठे धरायचा हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दोष माझाही होताच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे असते. मी नमुना २९ गिऱ्हाइकाच्या हाती दिला, कार्यालयात स्वतः दिला नाही. हे केवळ कागदी सोपस्कार नव्हेत. वाहन तीन-चार हातांतून पुढे गेले होते तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दफ्तरी नोंद असलेल्या मालकावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला आहे. माझ्या नशिबी वाळू आली. त्या ट्रॅक्टरखाली कोणी सापडले असते आणि विमा संपलेला असता तर हा लेख लिहिण्याच्या अवस्थेत मी नसतो.

आता यावर कोणी म्हणेल की मग एक्स्चेंजमध्ये हा धोका टळतो का. आपोआप टळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शोरूमनेही माझ्यासमोर तेच दोन नमुने ठेवले, घेणाऱ्याचे नाव कोरे आणि तारीख कोरी, आणि 'काका, गर्दी आहे, नंतर भरून घेतो' असे सांगितले. दलालाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत कागद कोरे ठेवायचे आणि मधली एक नोंदणी वाचवायची, ही त्यांची जुनी रीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत यावर तोड आहे: जुन्या वाहनांचा अधिकृत व्यापारी वाहन ताब्यात घेतो तेव्हा नमुना २९क प्रमाणे तशी सूचना परिवहन विभागाला ऑनलाइन देता येते आणि तेथून पुढे मालकाची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर राहते. आपल्या शोरूमकडे किंवा तिच्या दलालाकडे असा परवाना आहे का, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा सावध होतो. माझ्या शोरूमकडे तो नव्हता.

तरीही मी एक्स्चेंजच केले, आणि त्याचे कारण या व्यवहारात नाडी कोणाच्या हाती राहते यात आहे. परस्पर विक्रीत पैसे मिळाले आणि ट्रॅक्टर फाटकाबाहेर गेला की गिऱ्हाइकाला आपली गरज उरत नाही. नाव चढवण्याचा खर्च त्याचा, त्रास त्याचा, आणि न चढवण्याचा धोका मात्र सगळा आपला. एक्स्चेंजमध्ये शोरूमला माझ्याकडून अजून काही यायचे असते. मी सरळ सांगितले की जुना ट्रॅक्टर ज्याला द्यायचा त्याचे नाव आणि आधार लावून नमुने भरा, नमुना २९ ची पोच मला द्या, आणि दुसऱ्याचे नाव दफ्तरी लागेपर्यंत नव्याच्या रकमेतले २५ हजार मी मागे ठेवणार. मालक थोडे कुरकुरले, दसऱ्याच्या दिवशी ट्रॅक्टर दारातून परत जाऊ देणे त्यांनाही परवडणारे नव्हते, मग कबूल झाले. समजा त्यांनी टाळाटाळ केली असती, तरी दुकान हमरस्त्यावर आहे, सकाळी दहाला उघडते, आणि तिथे जाऊन बसता येते. २०१४ च्या गिऱ्हाइकाचे गाव शोधायलाच मला दोन दिवस लागले होते.

घेणारा आपल्याच गावातला, बांधाशेजारचा किंवा पाहुण्यांतला असेल, आणि त्याला घेऊन आपण स्वतः परिवहन कार्यालयात जाणार असू, तर परस्पर द्यायला माझी हरकत नाही. तिथे शोरूमला पंचेचाळीस हजार सोडण्यात शहाणपण नाही. मात्र इसाराखेरीज वीस-पंचवीस हजार घेणाऱ्याकडून अनामत म्हणून घेऊन नाव चढेपर्यंत आपल्याकडे धरून ठेवायचे, आणि कोऱ्या नमुन्यावर सही सख्ख्या मेव्हण्यालाही द्यायची नाही. नवा ट्रॅक्टर घ्यायचाच नसेल तर प्रश्नच मिटला. परस्परच विकायचा असेल तर हंगाम पाहावा. उन्हाळी नांगरटीच्या आधी आणि कारखान्यांचे गळीत सुरू होण्याच्या तोंडावर वाहतूकवाल्यांची मागणी असते, त्या दिवसांत भाव बरा येतो. भर पावसाळ्यात ट्रॅक्टर विकायला काढणारा माणूस अडलेला आहे असेच धरले जाते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाल्यापासून, नवा स्वस्त झाला तसा जुन्याचा भावही खाली आला आहे, तेव्हा माझे वरचे आकडे आज जसेच्या तसे कोणी मागू नयेत. मी वर्षभर थांबलो असतो तर नव्यात वाचलो असतो आणि जुन्यात तेवढा नाही तरी बराचसा गमावला असता, असा माझा अंदाज आहे; बायकोचा अंदाज वेगळा आहे.

अवजारांच्या बाबतीत मात्र शोरूमला काहीही देऊ नये. रोटाव्हेटर, पलटी नांगर यांना एक्स्चेंजमध्ये भंगाराचा भाव धरतात, आणि त्यांना आरसी नसल्यामुळे ती परस्पर विकताना मागे काही उरत नाही. ट्रॉलीचे तसे नाही. तिची नोंदणी वेगळी असते, म्हणून तिलाही वरचे सगळे नियम लागू धरावेत.

दिवाळीच्या पाडव्यानंतर आठवड्याभराने एमपरिवहन ॲपवर जुन्या ट्रॅक्टरचा नंबर टाकला, तर मालकाच्या रकान्यात माझ्या नावाची अक्षरे नव्हती. दोनदा टाकून पाहिला. मग दुपारी जाऊन २५ हजारांचा धनादेश शोरूममध्ये देऊन आलो.