सांगलीत ‘एअरपोर्टचा माल’ म्हणून विकली जाणारी स्कॉच

सांगली-मिरजेत स्कॉचची आवड असणाऱ्यांच्या मोबाईलवर एक यादी फिरते आहे. वर विमानाचं चित्र, खाली ब्रँड आणि भाव, शेवटी ‘ओरिजिनल ड्यूटी फ्री, घरपोच मिळेल’. ती तुमच्यापर्यंत आली असेल तर आधी हे वाचा. आमच्या मित्रांचे त्यात चांगलेच पैसे गेले. पण ते ज्या पद्धतीने काढून घेतले ती पद्धत सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण ती सोपी आहे आणि कुणावरही चालते.

आम्ही पाच जण. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतो, बाकीचे कुणी बँकेतून निवृत्त, कुणी शाळेतून, एकाचं विश्रामबागला औषधांचं दुकान. महिन्याला थोडे थोडे पैसे साठवायचे आणि एखादी चांगली बाटली आणून शांतपणे, दोन पेगांच्या वर न जाता, तिच्याबद्दल बोलत बसायचं, असा आमचा शिरस्ता. सोबत भडंग आणि भाजलेले शेंगदाणे. पिण्यापेक्षा समजून घेण्याची हौस मोठी.

हा माणूस ओळखीतूनच आला. कुणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र, बोलायला अतिशय नम्र. भाऊ दुबईला आहे, येणारे-जाणारे ओळखीचे आहेत, त्यांच्याकडून माल येतो, असं सांगायचा. पहिल्या भेटीत म्हणाला, “दादा, आधी एकच न्या. पटली नाही तर पैसे परत. मला एका बाटलीचा धंदा करायचा नाही.”

ती पहिली बाटली अस्सल होती. एक लिटरची ब्लॅक लेबल, सील व्यवस्थित, झाकणाखाली तो गोळीचा बूच, ज्यातून दारू बाहेर येते पण परत आत भरता येत नाही. चवही नेमकी. फसवणुकीचा खरा डाव हाच होता. त्या बाटलीवर त्याने बहुतेक काहीच कमावलं नसेल, कदाचित पदरचे घातले असतील, पण आमचा विश्वास त्याने तिथेच विकत घेतला. त्यानंतर आमच्यापैकी कुणी त्याच्या बाटलीकडे संशयाने पाहिलंच नाही. आम्ही पाचही जणांनी आपापल्या पाहुण्यांना त्याचा नंबर दिला. त्याला नेमकं हेच हवं होतं.

मग त्याने आम्हाला सिंगल माल्टकडे, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त मोड आणलेल्या सातूपासून बनलेल्या स्कॉचकडे वळवलं. एका मित्राच्या साठीसाठी आम्ही त्याच्याकडून सोळा वर्षांची लागावुलिन घेतली, बरोबर आणखी दोन माल्ट. भाव दुकानातल्या भावाच्या जवळजवळ निम्मा. हा भाव खोटा वाटत नाही, हे लक्षात घ्या. भारतात येणाऱ्या स्कॉचवर दीडशे टक्के आयात शुल्क वर्षानुवर्षं होतं, त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क, त्यावर व्हॅट. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं आपलं शुल्क तीनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणलं, तरी ड्यूटी फ्रीचा भाव दुकानापेक्षा बराच कमी असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे निम्मा भाव ऐकून माणूस ‘कर वाचला असेल’ असं समजतो, ‘माल खोटा असेल’ असं त्याच्या मनात येत नाही.

लागावुलिन ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. तिच्या शेजारी लाफ्रॉइग आणि आर्डबेग हे कारखाने, तिन्ही एकाच दक्षिण किनाऱ्यावर. तिथलं सातू वाळवताना पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा कापून वाळवलेला थर. तो धूर धान्यात मुरतो आणि सोळा वर्षं पिंपात राहूनही जात नाही. या दारूची बाटली उघडली की वास खोलीभर होतो. आवडो न आवडो, दुर्लक्ष करता येत नाही. आमच्यातले निवृत्त बँकवाले मुलीकडे ग्लासगोला गेले होते तेव्हा फेरीबोटीने त्या बेटावर जाऊन आलेत. साठीच्या रात्री त्यांच्याच हाताने बाटली उघडली. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, परत उचलला, आणि उत्सवमूर्तीला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, “मर्दा, ही ती नव्हेच.”

धूर नव्हता. व्हॅनिला इसेन्ससारखा गोडसर वास आणि त्याच्या मागे थिनरची तिखट झाक. पाण्याचे चार थेंब टाकले. चांगल्या माल्टमध्ये पाणी पडलं की वास मोकळा होतो, इथे होता तोही विरून गेला. आम्ही कार्यक्रमाचा विरस न करता बाटली आत नेऊन ठेवली आणि दुकानातून बिलासकट आणलेली साधी ब्लेंडेड, म्हणजे अनेक कारखान्यांच्या दारूंची मिसळ असलेली स्कॉच, बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी औषधवाल्या मित्राच्या दुकानात, ट्यूबलाइटखाली, तिन्ही बाटल्या नीट पाहिल्या.

मागच्या बाजूला काचेवर एक चौकोन होता. बोट फिरवलं की चिकट लागायचा आणि त्यावर धुळीची बारीक कड बसली होती. भारतात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआय) क्रमांक, किंमत आणि मद्यपानाचा वैधानिक इशारा असलेलं लेबल असतं. तेच तिथून काढलेलं होतं, म्हणजे बाटली दुबईची नव्हतीच. ती इथेच कुठेतरी विकली गेली, प्यायली गेली आणि भंगारातून परत आली होती. खोक्यावर ७० सेंटिलिटर छापलेलं, बाटलीवर ७५० मिलिलिटर. दोन वेगवेगळ्या बाजारांतल्या वस्तू एकत्र घातल्या होत्या. बुचावरचं प्लास्टिकचं वेष्टन कडेला किंचित सुरकुतलेलं, गरम हवा मारून बसवल्यासारखं. फाडायची जी पट्टी असते तिचा पत्ताच नव्हता.

यातलं एक सगळ्यांनी लक्षात ठेवावं. ब्लॅक लेबलसारख्या ब्लेंडेडच्या बाटलीला बहुधा न भरता येणारा बूच असतो. बऱ्याच सिंगल माल्टना मात्र साधा कॉर्कचा बूच असतो, परंपरा म्हणून. तो काढायचा, भरायचं, परत बसवायचा. म्हणजे महागडी बाटली खोटी करणं जास्त सोपं, आणि नफाही तिच्यातच जास्त. शिवाय माल्टची चव फार थोड्यांना पाठ असते. ब्लॅक लेबल बिघडलेली सांगलीत दहा जण ओळखतील. लागावुलिन ओळखणारा आमच्या टेबलावर एकच होता, आणि तो नसता तर आम्ही बाकी चौघांनी ‘सिंगल माल्ट अशी असते होय’ म्हणून मान डोलावली असती. मला याचाच सर्वात जास्त राग आहे. नवीन माणूस मोठ्या हौसेने पहिला माल्ट घेतो, त्याला कॅरमेल घातलेला स्वस्त स्पिरिट मिळतो, आणि तो आयुष्यभर म्हणत राहतो की या महागड्या दारूत काही राम नाही.

हळदीच्या सौद्यात पोत्यात हात घालून कांडी मोडून पाहिल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. सीलबंद बाटलीला ती सोय नाही, म्हणून ती तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने आली एवढंच तपासता येतं.

ती वाट तपासायला फार हुशारी लागत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंतच दारू शुल्काशिवाय आणता येते, तीही स्वतःसाठी, विकण्यासाठी नव्हे. ज्याच्याकडे महिनाभर केव्हाही मागा, पेटीच्या पेटी तयार असते, त्याच्याकडे विमानाने किती माणसं येत असतील याचा हिशोब करून पाहा. ड्यूटी फ्रीच्या दुकानात पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवावा लागतो आणि पावती मिळते. ती कुणाकडेच का नसते? ड्यूटी फ्रीला बहुतेक बाटल्या एक लिटरच्या असतात. ७५० मिलिलिटर हे आपल्या देशातल्या दुकानांचं माप, आणि इथल्या बऱ्याच ब्रँडांवर ४२.८ टक्के तीव्रता छापलेली असते. दुबईहून आली म्हणून सांगितलेल्या बाटलीवर ही दोन्ही दिसली तर पुढे बोलणंच नको.

कायद्याच्या काही गोष्टीही उपयोगी पडतात. स्कॉच म्हणवून घ्यायला दारू स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली हवी, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं, आणि तिच्यात पाणी व साध्या कॅरमेल रंगाखेरीज काही घालता येत नाही. ब्रिटनच्या २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत हे आहे. लेबलावरचं वय सर्वात कमी मुरलेल्या दारूचं असतं. रंग गडद म्हणजे दारू जुनी, हा समज सोडून द्या, कारण रंगासाठी कॅरमेल चालतं. आणि २३ नोव्हेंबर २०१२ पासून सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरणं बंधनकारक आहे. ब्लेंडेड स्कॉच मोठ्या प्रमाणात आणून भारतात भरली जाते आणि ती पूर्णपणे अस्सल असते. पण सिंगल माल्टवर ‘भारतात बाटलीबंद’ दिसलं तर ती स्कॉच नाही.

फसणारा माणूस अडाणी असतो असंही नाही. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात १८७८ ची मॅकॅलन ही सिंगल माल्ट म्हणून एका पेगला सुमारे साडेसात हजार पौंड मोजले गेले. कार्बन चाचणीत ती १९७० च्या आसपासची निघाली आणि हॉटेलने पैसे परत केले. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एका संशोधन केंद्राने ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ खोट्या निघाल्या. जिथे दारू बनते तिथे ही गत, तर आपल्याकडे तपासणार कोण?

त्या माणसाला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, “हवामानाने चव बदलते दादा.” मग म्हणाला की तुम्हाला सवय नाही. पावतीचं विचारल्यावर त्याचा आवाज बदलला. “पावती कशाची मागताय? बिनशुल्काचा माल घेतलाय तुम्ही. तक्रार करा की, आधी तुमचंच नाव येईल.” ही धमकी हाच त्याच्या धंद्याचा पाया आहे. घेणारा गप्प बसतो, म्हणून यादी फिरत राहते. आम्ही राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे गेलो, बाटल्या दिल्या, फोनवरचे संदेश दाखवले, जबाब लिहून दिला. बाटल्या तपासणीसाठी घेतल्या गेल्या. पैसे मिळालेले नाहीत आणि मिळतील असं मला वाटत नाही. तरीही जायलाच हवं होतं. कारण आमच्या बाटलीत नुसतं स्वस्त स्पिरिट असेल, दुसऱ्या कुणाच्या बाटलीत मिथाइल अल्कोहोल असू शकतं. ते वासाने कळत नाही, चवीने कळत नाही, थोड्याशाने डोळे जातात. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. ती गावठी दारू होती, पण दारूत काय घातलंय हे पिणाऱ्याला कळत नाही, ते दोन्हीकडे सारखंच.

नवीन असाल तर पहिली बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्या, बिल मागून घ्या, जमलं तर छोटी घ्या. धूर म्हणजे काय हे कळायला थेट आयलाची महागडी बाटली लागत नाही. टीचर्स या ब्लेंडेडमध्ये आर्डमोर या कारखान्याचा धुरकट माल्ट असतो आणि ती खिशाला परवडते. एखाद्या चांगल्या परमिट रूममध्ये, बाटली डोळ्यांसमोर उघडून घेऊन, हव्या त्या माल्टचा एकच पेग घ्या. बर्फ न घालता, तोंडाशी निमुळत्या ग्लासात, आधी कोरी हुंगा, मग थेंबभर पाण्यासोबत. ओळख नाकात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसली की कुणी काही विकू शकत नाही. सोडा घालून प्यायची असेल तर जरूर प्या, त्यात कमीपणा काही नाही. ब्लेंडेड म्हणजे दुय्यम हेही खरं नाही. जगात विकली जाणारी बहुतेक स्कॉच ब्लेंडेडच असते.

आणि रिकाम्या बाटल्यांचं बघा. आमच्या भागात येणारा भंगारवाला साध्या बाटलीला किलोवर भाव देतो, पण माल्टच्या बाटलीला, तिच्या खोक्याला आणि बुचाला वेगवेगळा भाव देतो, आणि ‘लेबल ओलं करू नका’ असं आवर्जून सांगतो. तो पुढे कुठे देतो हे त्याला विचारलं तर हसतो. आमच्या पाच घरांतून आता त्याला त्यातलं काही मिळत नाही. लेबल पाण्यात भिजवून खरवडायचं, खोकं फाडायचं, बूच कापून दोन तुकडे करायचे, बाटलीचं तोंड फोडून ती जाड पिशवीत गुंडाळायची आणि मगच द्यायची.