टॉकीजचा म्हणून मंडपातला भोंगा गळ्यात मारला

हायस्कुलात ३१ वर्षं ध्वनीचा धडा शिकवलेला माणूस ध्वनीतच फसला, हे लिहायला लाज वाटते. पण बेळगाव-निपाणीकडची आणखी दोघं-तिघं मला स्पीकर विकणाऱ्या त्याच माणसाला आगाऊ रक्कम द्यायला निघालीत असं कळलं, म्हणून लिहितोय.

मला मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, यांच्या गाण्याचं वेड. कुमारजी तर आमच्या सुळेभावीचे. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा ठरवलं, आता घरात हॉर्न स्पीकर, म्हणजे भोंग्यासारखं तोंड असलेले. जुन्या पद्धतीच्या, काचेच्या नळ्यांच्या पाच-सात वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवरही खोली भरून टाकतात, असं वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. कोल्हापूरकडचा एक जण ऑर्डरप्रमाणे बनवून देतो म्हणून गेलो. "बंद पडलेल्या टॉकीजमधले अमेरिकन ड्रायव्हर आहेत सर, अ‍ॅल्युमिनियमचा पडदा. हॉर्न अस्सल सागवानी. शंभर हर्ट्झपर्यंत खाली जातंय." ड्रायव्हर म्हणजे हॉर्नच्या मागचा, पडदा थरथरवून आवाज काढणारा भाग; आणि शंभर हर्ट्झ म्हणजे खर्जातले सूरही वाजणार.

त्यानं एका बाजूला छोटे बुकशेल्फ स्पीकर ठेवले होते, दुसऱ्या बाजूला हॉर्न. मन्सूरांची तान आधी छोट्यांवर, मग स्विच फिरवून हॉर्नवर. अंगावर काटा आला. बायको म्हणाली, "काय ओ, समोर बसून गाल्यागत वाटतंय की!" व्हॉल्यूमच्या नॉबला त्यानं बोट लावलं नाही, आणि 'बघा, मी काहीच बदललं नाही' असं वर ऐकवलं.

मेख तिथंच होती. साधा स्पीकर एका वॅटला मीटरभर अंतरावर ८६ डेसिबलच्या आसपास देतो, हॉर्न १०४ च्या आगेमागे. नॉब तिथंच ठेवला की हॉर्न १८ डेसिबलनं चढा वाजणार. दर दहा डेसिबलला कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे मला जवळजवळ साडेतीनपट मोठं गाणं ऐकवलं. आणि मोठं ते चांगलं, ही कानाची जुनी खोड. 'हॉर्नचा आवाज खाली आणा, दोन्ही सारखेच वाजवा' एवढं म्हणायचं मला सुचलं नाही. डेसिबल मोजणारं फुकटचं अ‍ॅप खिशातल्या मोबाईलवर होतं. तेवढ्याला ते पुरलं असतं.

४० हजार आगाऊ दिले, माल उचलताना ३५ हजार. पावती नाही. पैसे त्याच्या 'मेव्हण्याच्या' खात्यावर.

घरी लावलं तर तंबोऱ्याची जवारी, तारांची ती झणझण, गायब. तबल्याची चाट बोथट, डग्गा नावापुरता. गळा तेवढा पुढं, तोही भाजीच्या गाडीवरून 'कांदा घ्या, बटाटा घ्या' येतं तसा. फोन केला तर म्हणतो, "दोनशे तास वाजू दे सर, मग खुलतंय." मी वाजवलं हो दोनशे तास! शेजारच्या आजी विचारून गेल्या, घरात काही कार्य आहे काय म्हणून.

मग एकदाची टेप काढली. हॉर्नचं तोंड १५ इंच, म्हणजे परीघ १२० सेंटिमीटर. सगळ्यात खालचा सूर नीट वाजायला तोंडाचा परीघ साधारण त्याच्या एका तरंगलांबीएवढा लागतो, आणि १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर. त्यासाठी तोंड मीटरभराहून रुंद हवं. माझं हॉर्न २८५ हर्ट्झच्या खाली हात टेकणारच. वेग भागिले वारंवारता, फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, माझा एक जुना विद्यार्थी लेथवर काम करतो. त्यानं ड्रायव्हरची मागची टोपी उघडली. स्क्रू कोरे करकरीत, आत कापलेल्या दोन वायरी आणि काहीतरी बसवायची रिकामी जागा. नखानं काळा रंग खरवडला तर खाली राखाडी निघाला. पडदा तपकिरी, बेकेलाइटसारखा कडक. अ‍ॅल्युमिनियमचा मागमूस नाही. "सर, ह्यो मंडपातल्या भोंग्याचा युनिट की ओ. लाइन ट्रान्सफॉर्मर काढून टाकलाय बघा." लांबच्या वायरीवरून भोंगे वाजवायला लागतो तो. असला युनिट माणसाचं बोलणं लांबवर पोचवायला असतो, वरच्या सुरांत तो लवकर दम टाकतो. सागवानही तसंच निघालं, साध्या प्लायवर व्हेनीर. पैसे द्यायच्या आधी ती टोपी माझ्यासमोर उघडा म्हटलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. नकार दिला असता तरी उत्तर मिळालंच होतं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, व्यवहार तिकडचा. ग्राहक आयोगाचं मात्र तसं नाही. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. शेजारच्या कन्नड शिक्षकांनी अर्ज लिहून दिला, बेळगावात दाखल केलाय. पावतीच्या जागी मोबाईलवरचे मेसेज आणि बँकेचा उतारा जोडला.

एक युनिट पुरावा म्हणून कपाटात आहे. दुसरा विद्यार्थ्यानं ट्रान्सफॉर्मर घालून गावच्या विठ्ठल मंदिरातल्या भोंग्याला बसवला. एकादशीचं भजन पार ओढ्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतं.