प्रॅक्टिस बसलेल्या पशुवैद्यकाने शिकायचं कुठे: मोबाइलवर की खोड्याजवळ?

‘सोनोग्राफीचा ऑनलाइन कोर्स करू की कॉलेजच्या प्रशिक्षणाला जाऊ?’ हा प्रश्न हल्ली तरुण मित्रांकडून वरचेवर येतो. पैसे मी दोन्हीकडे भरलेत, म्हणून लिहितोय. माझी प्रॅक्टिस खासगी. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाई जास्त, थोड्या म्हशी, शेळ्या पडतील तशा. शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणाऱ्यांना यातलं निम्मंच लागू पडेल. सरकारी नोकरीतल्या मित्रांचं गणितही वेगळं, त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं जातं आणि पगार चालू राहतो.

आधी बातम्यांचा विषय संपवू, कारण तिथे वाद नाही. काय बंद झालं, कुठे कसली साथ आली, कोणती लस वापरायची हे कळायला मोबाइलइतकं सोयीचं दुसरं काही नाही. 2019 मध्ये दूध-मांसासाठी पाळलेल्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक बंद झालं. जुलै 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं जनावरांसाठी बंद झाली, कारण तेच जे 2006 मध्ये डायक्लोफिनॅकचं होतं: औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. तरी त्यानंतरही काही दिवस औषधवाले ‘आहे ना स्टॉक, घेऊन जा’ म्हणतच होते. अशा वेळी अधिसूचनेचा फोटो मोबाइलमध्ये असला की गिधाडांना न बाधणारं मेलोक्सिकॅमच का लिहून दिलं हे शेतकऱ्याला समजावता येतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव भागातून लम्पीच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना का आणि कशी द्यायची हे बहुतेकांनी वेबिनारमध्येच ऐकलं. प्रत्यक्ष प्रशिक्षणाची बॅच भरेपर्यंत साथ तालुका ओलांडून गेली असती. नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, ती जानेवारी 2025 मधली बातमीही तशीच. मांजरांना कच्चं चिकन घालणाऱ्या मालकांशी त्या आठवड्यात बोलायला हवं होतं, पुढच्या परिषदेत पेपर वाचला जाईपर्यंत थांबून उपयोग नव्हता.

एक पथ्य मात्र पाळतो. ज्या मेसेजवर तारीख नाही की परिपत्रकाचा क्रमांक नाही, तो ग्रुपवर पुढे ढकलायचा नाही. लम्पीच्या काळात ‘दूध पिऊ नका’ म्हणणारे मेसेज डॉक्टरांच्याच ग्रुपवर फिरत होते आणि त्याचा त्रास आपल्याच गवळ्यांना झाला.

कंपन्यांच्या संध्याकाळच्या सेमिनारबद्दल फार लिहीत नाही. जेवण चांगलं असतं, जुने वर्गमित्र भेटतात, आणि शेवटच्या स्लाइडवर कोणतं उत्पादन येणार हे पहिल्या स्लाइडलाच कळतं. जावं, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

आता मूळ प्रश्न.

ऑनलाइन कोर्सचं पहिलं सुख म्हणजे गाव सोडावं लागत नाही. खासगी प्रॅक्टिसमध्ये पाच दिवस बाहेर राहणं म्हणजे काय हे ज्याचं त्याला माहीत. तुम्ही नसताना गाय अडली तर शेतकरी दुसऱ्याला बोलावणारच, आणि तो दुसरा कधी कधी डॉक्टरच नसतो. शिवाय रेकॉर्डिंग असेल तर तीच स्लाइड दहा वेळा बघता येते. रक्ताच्या काचपट्ट्या, थायलेरियामधल्या कॉख बॉडीज, बॅबेसिया अशा गोचीडतापाच्या खुणा, छातीचे एक्स-रे, त्वचेचे आजार, खाद्याची गणितं, किटोसिसच्या चाचण्यांचे अर्थ हे सगळं मी स्क्रीनवरच नीट शिकलो. कॉलेजात मायक्रोस्कोपपुढे रांग लावून एकदा डोकावायला मिळायचं, त्यापेक्षा कितीतरी बरं. पाहून ओळखायची गोष्ट असेल तर ऑनलाइन घ्या, डोळे झाकून घ्या.

लाइव्ह वर्गांची वेळ मात्र कोण ठरवतं कळत नाही. रात्री आठ. संध्याकाळचं दूध काढताना शेतकऱ्याच्या लक्षात येतं की गाईने आंबोण शिवलं नाही, एका सडातून गाठी येताहेत, किंवा सकाळची वार अजून पडलेली नाही. मग डेअरीला दूध घालून आला की तो फोन करतो, म्हणजे आठ ते साडेनऊ. नेमक्या त्याच वेळी स्क्रीनवर हजेरीचा प्रश्न येतो आणि उत्तर दिलं नाही तर प्रमाणपत्र नाही. गोठ्यात एका हातात थर्मामीटर धरून दुसऱ्या हाताने ‘पर्याय ब’ दाबणारे डॉक्टर मी एकटाच नसेन. पण याला रेकॉर्डिंग हा उपाय आहे, तेव्हा एवढ्यावरून मी कोर्स नाकारला नसता.

मला खटकलं ते रेकॉर्डिंगमध्येच. गाईच्या सोनोग्राफीचा कोर्स घेतला होता. शिकवणारे जाणकार, चित्रं स्वच्छ. बीजकोशातलं पिवळं पिंड आणि पुटिका (फॉलिकल) यातला फरक, तीस दिवसांच्या गर्भाची धडधड, पुटकुळीच्या (सिस्टच्या) भिंतीची जाडी, सगळं उत्तम. पण प्रत्येक व्हिडिओ बीजकोश पडद्याच्या मधोमध आल्यावरच सुरू होतो! तो तिथपर्यंत आला कसा, हे संकलनात कापलेलं. आमच्या गोठ्यात प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, गुदद्वारातून आत घातला की पडद्यावर दिसतात नुसत्या समांतर पांढऱ्या रेघा. गाय कुंथते, आतडं वाऱ्याने फुगून ताठ होतं, प्रोब भिंतीला टेकतच नाही. प्रश्नोत्तरांच्या तासाला मी हे विचारलं. उत्तर आलं, ‘संपर्क चांगला ठेवा, जेल भरपूर वापरा.’ बरोबरच आहे. पण उपयोग काय?

प्रशिक्षणाला गेलो तेव्हा हाच प्रसंग खोड्यातल्या, म्हणजे तपासायला गाय अडकवून उभी करतात त्या चौकटीतल्या, पहिल्याच गाईवर आला. सर म्हणाले, ‘प्रोब बाहेर काढ. आधी सगळं शेण काढ, घाई नको. आता हात आत घाल आणि थांब. आतड्याची वळी हाताला लागतेय? तिच्यात बोट अडकवून हळू मागे ओढ, वारा सुटू दे.’ वारा सुटला, आतडं हातावर सैल पडलं. ‘आता प्रोब. आधी मूत्राशय शोध. मोठं काळं दिसेल. त्यालाच गाभण समजतात लोक. ते ओळखलंस की गर्भाशयाचं शिंग तिथूनच सापडेल.’ मिनिटभरात शिंग दिसलं. पुढच्या गाईला गर्भाचं पाणी दिसलं, आणि ते मूत्राशय नाही हे माझं मला कळलं. शोधायचं कसं हे मला तिथे मिळालं. कोर्समध्ये सापडल्यानंतरचं सगळं होतं.

एवढ्यावरून प्रत्यक्ष प्रशिक्षण सगळीकडे असंच असतं असं मात्र समजू नका. मी याआधी एका ठिकाणी गेलो होतो तिथे सकाळची सत्रं उद्घाटन, सत्कार आणि प्रास्ताविकात गेली, दुपारी एका यंत्राभोवती सगळी बॅच. प्रोब हातात येईपर्यंत गाय वैतागलेली आणि आतडं इतक्या हातांनी सुजलेलं की तिला सोडून द्यावं वाटावं. मागच्या रांगेतल्यांनी ती गाय मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनच पाहिली. मग घरी बसून व्हिडिओ बघितलेला काय वाईट?

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करा आणि माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टी विचारा. एका यंत्रामागे किती जण? गाई किती, आणि त्यात रिकाम्या, लवकरच्या गाभण आणि उलटणाऱ्या (भरवूनही गाभ न धरणाऱ्या) अशा मिसळ आहेत की सगळ्या सहा महिन्यांच्या? एका गाईवर दिवसात किती जण हात घालणार? शेवटचा प्रश्न विचारला की पलीकडे जो सूर लागतो त्यावरून बरंच कळतं. माफसूच्या (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या महाविद्यालयांच्या आणि अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेच्या सूचना पाहत राहिलं तर वर्षात जवळपास काही ना काही निघतं. शल्यक्रिया आणि प्रजनन या विषयांच्या परिषदांना जोडूनही कार्यशाळा होतात. माझा कल छोट्या बॅचकडे, मग ती कमी नावाजलेल्या ठिकाणी का असेना.

प्रमाणपत्रासाठी कोर्स करणार असाल तर तो नोंदणीच्या नूतनीकरणाला कितपत धरला जातो हे राज्य पशुवैद्यक परिषदेकडे आधी विचारा, जाहिरातीवर जाऊ नका. आणि सोनोग्राफी शिकून यंत्र घेण्याचा बेत असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली काय कागद लागतात याची चौकशी विक्रेत्याकडे नको, जिल्ह्यातल्या संबंधित कार्यालयात करा. हे ना ऑनलाइनवाले सांगतात ना प्रशिक्षणवाले.

खर्चाचं म्हणाल तर प्रशिक्षण महागच पडतं. फी, राहणं, आणि त्याहून मोठं म्हणजे बुडालेले दिवस. पण सोनोग्राफीने तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी गाय रिकामी आहे हे खात्रीने सांगता आलं की गाईचा पुढचा माज वाया जात नाही, आणि शेतकरी शेजाऱ्याला तुमचं नाव सांगतो. स्क्रीनवरच्या कोर्सनंतर मी यंत्र पेटीतून काढायला कचरत होतो. आता ते गाडीतच असतं. कदाचित माझा हातच जड असेल, ज्याची जाण मुळात चांगली त्याला व्हिडिओवरूनही जमेल. हाडमोड, सडाची शस्त्रक्रिया, सीझर, डाव्या बाजूला सरकलेलं चौथं पोट जागेवर आणणं यांबाबतही मी हेच म्हणेन, आणि तिथे मतभेद कमी होतील.

तेव्हा वर्षाला एकच काही करणं शक्य असेल तर मी प्रशिक्षण निवडेन आणि उरलेलं वर्ष रेकॉर्डिंग्ज बघेन, तेही प्रशिक्षणाच्या आधी जास्त. चित्रं डोळ्यांत बसलेली असली की खोड्याजवळचा वेळ फक्त हाताला देता येतो. प्रॅक्टिस सोडून जायची अडचण आम्ही तिघा डॉक्टरांनी आपसात सोडवली आहे. एक गेला की उरलेले दोघे त्याची गावं वाटून घेतात, आणि त्या केसेसचे पैसे त्याचेच. पहिल्या वेळी थोडी कुरबुर झाली, पण शेतकऱ्यांना आधीच फोन करून सांगितलं की निभतं. मार्चनंतरची बॅच मात्र टाळा. भर दुपारी पत्र्याखाली खोड्यात उभी केलेली संकरित गाय धापा टाकायला लागते, आणि मग शिकवणाऱ्याचं लक्ष तुमच्या हाताकडे राहत नाही.