जुना साज घ्यावा की पुतळ्यांची माळ?

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर जुना डाग, म्हणजे दागिना, घ्यायला गेलात, किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या घरात वाटणीच्या वेळी दोनांतला एक उचलायची वेळ आली, तर समोर बहुधा कोल्हापुरी साज आणि पुतळ्यांची माळ असते. वजन सगळेच बघतात. पण जुन्या डागाचं खरं मोल त्याच्या नक्षीत असतं. ती नक्षी कुठून आली, कशी उठवली आणि किती शाबूत राहिली, हे कळलं की निवड सोपी होते.

साज: गळ्यातला देव्हारा

पूर्ण साजात २१ पानं, म्हणजे नक्षीची पदकं, धरतात: दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणकाचं एक, पाचूचं एक आणि एक ताईत. दोन पानांच्या मध्ये जवमणी, म्हणजे जवाच्या दाण्यासारखे लांबट मणी. वापरातले साज मात्र १०-१२ पानांचेही असतात, तेव्हा १२ पानं दिसली म्हणून साज मोडका समजू नका.

मासा आणि कासव ही मत्स्य-कूर्म अवतारांची खूण. कासव तर आपल्याकडच्या देवळांत गाभाऱ्यासमोर असतंच. बेलपान शंकराचं, शंख-कमळ विष्णू-लक्ष्मीचं. वाघनख आणि ताईत नजर लागू नये म्हणून. याशिवाय चंद्र, नाग, भुंगा, कारलं, मोरचेल. गंडभेरुंडाचं पान मिळालं तर ते नीट जपा. हा दोन तोंडांचा पक्षी विजयनगरच्या अच्युतरायाच्या (१५२९ ते १५४२) सोन्याच्या नाण्यांवरही आहे. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्याला कानडी मुलूख किती जवळचा, हे त्या एका पानात दिसतं.

आता घडण. पातळ पत्रा ठशावर ठोकून आकार उठवतात, आत लाख भरतात, मागून पट्टी लावून बंद करतात आणि बारीक रेघा छिन्नीने वर काढतात. साजाचं सौंदर्य या लाखेमुळे, आणि साजाची दुखणीही तिच्यामुळेच. पानाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं तरी लाख भुकटी होऊन झडते. पान पोकळ झालं की बोटाच्या दाबानेही चेपतं. साज ठेवलेल्या कागदात तपकिरी चुरा दिसला तर पान फुटलंय हे नक्की. अशा पानाला थेट झाळ देऊ नये, म्हणजे आचेने सांधू नये. आच लागताच लाख वितळून बाहेर येते आणि पत्रा बसतो. आधी जुनी लाख काढायची, मग झाळायचं, मग नवी लाख भरायची, हा क्रम माहीत असलेल्या कारागिराकडेच द्या.

तागडीत लाखही तोलली जाते. म्हणून पावतीवर लाखेसह वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे दोन आकडे मागा. माणिक-पाचूच्या जागी काच असणं जुन्या साजात नवल नाही. काच आहे म्हणून साज खोटा ठरत नाही, पण दर खड्याचा लावू देऊ नका.

पुतळी: व्हेनिसहून आलेली

पुतळी मुळात दागिना नव्हे, नाणं. इटलीतल्या व्हेनिस शहराचं हे सोन्याचं नाणं, डुकाट, १२८४ पासून पाडलं जायचं. ते प्रजासत्ताक १७९७ मध्ये बुडालं. नाण्याच्या एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून नगरप्रमुख, दोघांच्या मधे काठीवरचं निशाण. दुसऱ्या बाजूला लंबगोल प्रभेत, चांदण्यांमध्ये उभा ख्रिस्त. व्यापारातून हे नाणं इकडे आलं, त्यावर माणसाची आकृती म्हणून त्याला पुतळी म्हणू लागले आणि ते गळ्यात गेलं. पुढे इथल्याच सोनारांनी नकला केल्या, लक्ष्मी, राम-सीता अशा पुतळ्याही आल्या.

अस्सल नाणं जवळजवळ शुद्ध सोन्याचं, साधारण साडेतीन ग्रॅम वजनाचं आणि जेमतेम २ सेंटिमीटर रुंद. भिंगातून कडेची अक्षरं बघा. अस्सलावर लॅटिन अक्षरं सुटी वाचता येतात, नकलेत त्यांच्या नुसत्या उभ्या-आडव्या काड्या झालेल्या असतात. जुनी देशी नक्कल म्हणजे फसवणूक नव्हे, तोही या भागाचा इतिहासच. फक्त तिला व्हेनिसच्या नाण्याचा भाव देऊ नका. हल्लीच्या माळांतली पुतळी पातळ पत्र्याची असते: पुढे जिथे उठाव, मागे तिथेच खड्डा. भरीव पुतळीला दोन्ही बाजूंनी वेगवेगळं चित्र असतं.

पुतळीची दुखणी मोजकी. वर झाळलेली कडी घासून अर्ध्यावर येते आणि एखादी पुतळी गळून हरवते. माळ दर दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावी आणि त्याच वेळी कड्या तपासाव्यात.

दोन्हींना लागू

घरातल्या जुन्या चिठ्ठीवर "६ तोळे" असेल तर ते ६० ग्रॅम नव्हेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ते जवळपास ७० ग्रॅम होतात. या एका फरकावरून भावाभावांत उगाच संशय येतो. आजच्या बाजारात मात्र तोळा म्हणजे १० ग्रॅमच धरतात.

जुन्या डागावर हॉलमार्क नसतो आणि तो दोष नाही. हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. पण क्ष-किरणांचं यंत्र वरचाच थर वाचतं, म्हणून पान, मागची पट्टी आणि कडी अशा तीन जागी मोजायला सांगा. झाळीचं सोनं कमी कसाचं असल्याने कडीचा आकडा खाली येणारच.

बनावट जुनेपणा ओळखायला कोपरे बघा. रसायनाने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा पसरतो. खऱ्या वापराने घाम, तेल, कुंकू फक्त खोलगट जागी साचतं, आणि माशाची पाठ, संताचं डोकं असे उंच भाग झिजून गुळगुळीत होतात.

मग कुणी काय घ्यावं

सणावारी बिनधास्त घालायचं, पुढे दोन मुलींत वाटायचं आणि अडीअडचणीला मोडायचीही शक्यता असेल, तर पुतळ्या घ्या. १२-१२ अशा वाटून दोन माळा होतात, वजनात लाख नसल्याने घट कमी आणि चित्रही शाबूत राहतं. धुणंही सोपं: रेशमातून सोडवायच्या, रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायच्या, मऊ ब्रशने घासायच्या.

साज घ्यायचा तो नक्षीसाठी. वर्षाकाठी पाच-सहा वेळा घालणार असाल, पानं एका हातची असतील आणि लाख धरून असेल, तरच पैसे घाला. चार पानं जुनी आणि बाकी नंतर जोडलेली असतील तर भाव सोन्याचाच द्या. साज पाण्यात बुडवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. ओलसर मऊ कापडाने पुसायचा आणि प्रत्येक पान मलमलीत टेकेल असा आडवा ठेवायचा. वाटणीत साज तोडून पानं वाटू नका. २१ पानांची मांडणी सुटली की अवतारांचा क्रमच जातो. त्यापेक्षा एकाने साज घ्यावा, दुसऱ्याला सोन्याच्या हिशेबाने पैसे द्यावेत.

बोरमाळ किंवा ठुशी समोर आली तर हिशेब सरळ आहे: तिथे मण्यांची घडण आणि वजन बघायचं, चित्र वाचायचं नसतं. जोंधळी पोतीवर मात्र थोडं थांबा. माण-खटाव-आटपाडीसारख्या पावसाने हुलकावणी देणाऱ्या मुलखात ज्वारीचा दाणा सोन्यात घडवला, याला अर्थ आहे.

मोडायचंच ठरलं तर आधी प्रत्येक पानाचा पुढून-मागून, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या. विटा-खानापूर भागातली गलाईवाली मंडळी देशभर सोनं गाळतात, कस चोख काढून देतात. पण मुशीत गेलेला मासा परत येत नाही.

आणि मुलगी परदेशी असेल तर एवढं लक्षात ठेवा: १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर तिकीट काढण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.